सामानाआड लपलेला राजा

हरवलेली गाढवे शोधायला निघालेल्या एका माणसाला राज्य सापडले, अशी गोष्ट मी लहानपणी ऐकली. सांगणारी होती आमच्या शेजारची आजी. रेवदंड्याजवळच्या आमच्या वाडीत बेने इस्रायलांची दोन-तीन घरे होती. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचा, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. माझ्या आठवणीत घाणा केव्हाच मोडीत निघाला होता; नाव मात्र चिकटून राहिले होते. आजी माझ्या आजीसारखेच नऊवारी नेसे, आमच्यासारखेच बोले, आणि दिवाळीत आमच्याकडून शंकरपाळ्यांचे ताट गेले की ते रिकामे म्हणून कधी परत येत नसे. फरक एवढाच, की तिच्या गोष्टींत हरिश्चंद्राच्या जोडीला शमुवेल असे, दावीद असे आणि शाऊल असे. मराठी बायबलात हे नाव 'शौल' असे छापतात. पण माझ्या कानात आजीचा 'शाऊल राजा' बसला आहे, तेव्हा मी त्याला त्याच नावाने हाक मारणार.

शाऊल हा बन्यामिनाच्या वंशातला, किशाचा मुलगा. इस्रायलाच्या बारा वंशांतला हा सर्वांत लहान वंश. मुलगा मात्र असा देखणा आणि उंच, की गर्दीत उभा राहिला तर इतरांची डोकी त्याच्या खांद्याला लागावीत. बापाची गाढवे हरवली, म्हणून तो एका गड्याला घेऊन रानोमाळ हिंडला. गाढवे मिळेनात. गडी म्हणाला, जवळच्या गावात एक द्रष्टा पुरुष आहे, त्याला विचारू. द्रष्ट्याला द्यायला शाऊलच्या पदरी काही नव्हते. गड्याच्याच कनवटीला चांदीचा एक लहानसा तुकडा होता. विहिरीवर पाणी भरायला निघालेल्या मुलींनी वाट दाखवली. तो द्रष्टा म्हणजे शमुवेल. त्याने या परक्या पोराला पंगतीत मानाच्या जागी बसवले, राखून ठेवलेला वाटा वाढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गड्याला पुढे पाठवून, त्याच्या डोक्यावर तेल ओतले. राज्याभिषेक झाला तो असा, गावाबाहेरच्या वाटेवर, कोणी पाहत नसताना.

परतीच्या वाटेवर त्याला कळले की गाढवे केव्हाच सापडली, आता बाप मुलाच्या काळजीत आहे. आजीला हा भाग फार आवडे. मला आवडे तो त्यापुढचा. घरी काकाने विचारले, शमुवेल काय म्हणाला? शाऊलने गाढवांचे सांगितले, राज्याचे सांगितलेच नाही! पुढे मिस्पा येथे सारे लोक जमले, चिठ्ठ्या टाकल्या, शाऊलचे नाव निघाले; आणि नवा राजा कोठे आहे म्हणून पाहावे तर तो सामानाच्या ढिगाआड लपून बसलेला!

मी विचारले, "आजी, एवढा उंच माणूस बोचक्यांमागे मावला कसा?"

आजी म्हणाली, "भ्यालेला माणूस कुठंही मावतो रे बाबा."

याबेश-गिलाद गावाला अम्मोनी राजा नाहाशाने वेढा घातला. शरण या, पण प्रत्येकाचा उजवा डोळा काढून देईन, अशी त्याची अट. गावाने सात दिवसांची मुदत मागून घेतली. बातमी पोहोचली तेव्हा राजा शेतातून बैलांमागे येत होता. त्याचा क्रोध भडकला, त्याने साऱ्या देशातून माणसे गोळा केली आणि पहाटेच्या प्रहरी छापा घालून ते गाव सोडवले. त्याचे राजेपण ज्यांनी आधी थट्टेवारी नेले होते त्यांना आता मारून टाकावे, असे लोक म्हणू लागले. शाऊल म्हणाला, आजच्या दिवशी कोणाचाही जीव घ्यायचा नाही.

येथे आजी गोष्ट थांबवी. "मग पुढे?" असे विचारले की म्हणे, "पुढचं मोठा झालास की सांगेन." १९६१ साली ते कुटुंब इस्रायलला निघून गेले. मी मोठा झालो, पण सांगायला आजी नव्हती.

पुढचे मी वाचले ते वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालेल्या एका मराठी बायबलात. त्या वेळी मी एका तालुक्याच्या गावी हेडमास्तर होतो. पण शाऊलचे पुढचे सांगण्याआधी मला माझे थोडे सांगितले पाहिजे; नाहीतर ते पान वाचताना माझ्या हाताला घाम का सुटला, हे कळायचे नाही.

१९९० साली आमच्या शाळेत गणिताचा एक तरुण शिक्षक आला. मुलाखतीत मीच त्याला निवडले होते. मीही गणिताचाच. पहिले वर्षभर मी त्याचे कौतुक करताना थकत नव्हतो. "मी पारखून आणलेला माणूस" असे चारचौघांत सांगायचो. (त्या वाक्यातला 'मी' किती मोठा होता हे तेव्हा कळले नाही.) मग स्नेहसंमेलन आले. संमेलनात मुले फिशपॉन्ड टाकतात हे तुम्हांला ठाऊक आहेच. कोणातरी चावट पोराने चिठ्ठी टाकली: 'हेडसरांचे गणित वहीत उतरते, नव्या सरांचे डोक्यात.' सारा मंडप हसला. सर्वांत मोठ्याने मी हसलो. घरी येऊन आडवा झालो, आणि पहाटेपर्यंत माझा डोळा लागला नाही.

आता शाऊलकडे येतो. त्याचा पाय पहिल्यांदा घसरला तो गिलगाल येथे. पलिष्ट्यांची फौज समोर, शमुवेलाने सात दिवस थांबायला सांगितलेले, आणि इकडे सैन्य रोज पांगत चाललेले. सातवा दिवस आला, शमुवेल आला नाही. शाऊलने घाईने स्वतःच होम केला. आणि होम संपतो न संपतो तोच शमुवेल दारात! वाचताना मला शाऊलची कीवच आली. माणसे निघून चालली असता कोण थांबेल? त्याच्याजवळ अखेर उरले होते सहाशे लोक. दुसऱ्यांदा तो चुकला अमालेक्यांच्या युद्धात. त्या युद्धात कोणालाही जिवंत ठेवू नये, बायका-मुलांनाही नाही, अशी आज्ञा होती. माझे मन त्या आज्ञेपाशी अडते, अजूनही अडते. ती पचवणारा माणूस मी नाही. पण शाऊलने काही दयेने आज्ञा मोडली असे नाही. त्याने वाचवला तो अगाग राजा, आणि वाचवली ती लठ्ठ मेंढरे. शिवाय वाटेत स्वतःच्या नावाचा एक विजयस्तंभही उभारला. सामानाआड लपणाऱ्या पोराचा एवढा प्रवास झाला होता.

शमुवेल आला आणि त्याने विचारले, मग हे मेंढरांचे ओरडणे कसले ऐकू येते? शाऊलने उत्तर दिले ते प्रत्येक हेडमास्तरला ठाऊक असलेले: ते लोकांनी आणले, देवाला अर्पण करण्यासाठी. कमिटी नेमली होती, साहेब! अखेर त्याने कबूल केले की मला लोकांची भीती वाटली. आणि लगेच त्याने शमुवेलाला जे मागितले ते वाचून मी पुस्तक मांडीवर उपडे ठेवले. चूक झाली खरी, तो म्हणाला, पण आता माझ्या वडीलधाऱ्या लोकांसमोर माझा मान राख, माझ्याबरोबर चल. राज्य गेले असे समोरचा सांगतो आहे, आणि याला चिंता पडली आहे ती चारचौघांत कसे दिसेल याची. शमुवेल वळला तेव्हा शाऊलने त्याच्या झग्याचा पदर धरला, तो टर्रकन फाटला.

हिब्रू भाषेत 'शाऊल' या नावाचा अर्थ 'मागितलेला'; आपण 'नवसाचा' म्हणतो तसा. लोकांनी राजा मागितला आणि हा मिळाला. मला वाटते, त्याचे दुखणे येथेच होते. लोकांनी मागून घेतलेला हा माणूस पुढे जन्मभर लोकांपाशी मागतच राहिला. थोडा मान, थोडे कौतुक, थोडी सोबत. ज्याने तेल ओतले त्याच्याकडे पाहण्याऐवजी तो टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहू लागला, आणि टाळ्यांचे असे असते की त्या एका जागी थांबत नाहीत.

त्या दावीदकडे वळल्या. पलिष्ट्यांचा धिप्पाड गल्याथ त्या मेंढपाळ पोराने लोळवला आणि स्त्रिया डफ वाजवीत, नाचत सामोऱ्या आल्या. त्यांच्या गाण्याचा मतलब एवढाच, की शाऊलच्या नावावर हजार मारले गेले, तर दावीदच्या नावावर दहा हजार. वास्तविक त्या दिवशी दोघेही जिंकले होते. राज्यही शाऊलचेच होते. पण त्या दिवसापासून शाऊल दावीदकडे डोळा ठेवून पाहू लागला, असे ते जुने पुस्तक सांगते. एका गाण्याने राजा आजारी पडला. माझ्या बाबतीत तर गाणेही लागले नव्हते. चिठ्ठीचा चतकोर पुरला.

आजारपणही मोठे विलक्षण. मन काळवंडले की शाऊल कोणालाच आवरेना. तेव्हा त्याच्याजवळ वीणा वाजवायला बसे तो दावीदच. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात रेम्ब्रांटचे एक चित्र आहे. पागोटे घातलेला म्हातारा राजा, हातात भाला, आणि पलीकडे कोपऱ्यात खाली मान घालून वाजवणारा मुलगा. राजा पडद्याच्या टोकाने डोळा पुसतो आहे. संगीताने डोळ्यांत पाणी आले आहे आणि हातातला भाला सुटलेला नाही! मी या चित्राची छापील प्रतच तेवढी पाहिली आहे, पण तो पडदा विसरता येत नाही. गंमत अशी, की १९६९ साली एका जाणत्या अभ्यासकाने हे चित्र रेम्ब्रांटचे नव्हेच असे मत दिले. पुढे बरेच संशोधन झाल्यावर २०१५ साली संग्रहालयाने ते रेम्ब्रांटचेच असल्याचे जाहीर केले. श्रेय कोणाचे हा वाद शाऊलच्या चित्रालाही चुकला नाही.

तो भाला त्याने दावीदवर फेकला, एकदा नव्हे. स्वतःच्या मुलावर, योनाथानावरही फेकला, कारण योनाथान दावीदचा मित्र होता. दावीदला भाकर दिली म्हणून नोब गावचे पंच्याऐंशी याजक त्याने मारविले. ज्याने एके दिवशी आज कोणाचाही जीव घ्यायचा नाही असे म्हटले होते, तोच हा माणूस. आपल्या माणसांना जमवून तो म्हणतो, तुमच्यापैकी एकालाही माझ्याबद्दल हळहळ वाटत नाही. या वाक्याने मला पंच्याऐंशी खुनांइतकाच धक्का बसला. असे काहीतरी मीही घरी जेवताना बायकोला म्हणालो होतो.

माझ्याजवळ भाला नव्हता, टाइमटेबल होते. पुढच्या जूनमध्ये मी त्या शिक्षकाकडून दहावीचा वर्ग काढून घेतला आणि त्याला पाचवी दिली, वर हजेरीपत्रके तपासायचे काम. तो काही बोलला नाही. १९९२ साली संस्थेने दुसऱ्या गावी नवी शाळा काढायचे ठरवले. तेथे प्रमुख म्हणून पाठवायला हा कसा, असे मला गोपनीय विचारण्यात आले. मी लिहिले: 'वर्गात लोकप्रिय आहेत. शिस्तीच्या बाबतीत मात्र थोडे शिथिल.' दोन वाक्ये. दुसरे खोटे होते असेही कोणी सिद्ध करू शकले नसते. त्यातल्या 'मात्र' या शब्दावर मी बराच वेळ पेन टेकवून बसलो होतो, आणि मग तो लिहिला. नवी शाळा दुसऱ्या कोणाला मिळाली.

त्याच हिवाळ्यात माझ्या हातून एक भयंकर चूक झाली. दहावीच्या परीक्षेचे फॉर्म मंडळाकडे गेले, आणि एका मुलीचा फॉर्म माझ्या खणात राहिला. मुलगी मजुराची, हुशार. मला पत्ताही नव्हता. हजेरीपत्रके तपासताना त्या शिक्षकाच्या लक्षात आले. तो मला न विचारता रात्रीच्या एस.टी.ने गेला, विलंबशुल्क स्वतःच्या खिशातून भरले, फॉर्म दाखल केला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावती माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "सर, हे फाइलला लावून टाका." कोणाला कळले नाही. आजवर कळलेले नाही. मी पावती उचलली आणि म्हणालो, "ठीक आहे." एवढेच म्हणालो.

म्हणून एन-गेदीच्या गुहेची गोष्ट वाचताना मला घाम फुटला. दावीदचा पाठलाग करताना शाऊल एका गुहेत एकटा शिरतो. दावीद आपल्या माणसांसह त्याच गुहेच्या आत लपलेला असतो. एका घावात काम झाले असते. दावीद हळूच शाऊलच्या झग्याचे टोक तेवढे कापून घेतो, आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाते. शाऊल बाहेर पडल्यावर तो लांबून ते टोक दाखवतो. शाऊल गळा काढून रडतो, तू माझ्याहून नीतिमान आहेस असे म्हणतो, आणि घरी जातो. पुढे काही दिवसांनी पुन्हा फौज घेऊन निघतो! रडणे खरे होते, मला शंका नाही. मीही त्या रात्री स्वयंपाकघरात पाणी पिताना रडलो होतो. पण त्यानंतरही तो अहवाल मी दुरुस्त केला नाही. करता आला असता, अजून पंधरा दिवस होते.

(दावीदला मी सोवळा समजतो असे कोणी समजू नये. पुढे राजा झाल्यावर त्याने दुसऱ्याच्या बायकोपायी केलेले कर्म त्याच पुस्तकात लख्ख लिहिलेले आहे. या लिहिणाऱ्यांचे मला नवल वाटते; आपल्या राजांचे इतके उघडे हिशेब फार थोड्यांनी ठेवले आहेत.)

शेवटच्या युद्धाच्या आदल्या रात्री शाऊल वेष पालटून एन-दोरला एका बाईकडे गेला. मेलेल्यांशी बोलणाऱ्या अशा लोकांना त्यानेच देशातून हाकलून दिले होते, आणि आता शमुवेल जिवंत नाही म्हणून त्याला बोलवायला तो अशाच एका बाईच्या दारात उभा होता. उत्तर मिळाले ते असे, की उद्या तू आणि तुझे मुलगे माझ्याजवळ असाल. शाऊल लांबच्या लांब जमिनीवर पडला. दिवसभर, रात्रभर त्याच्या पोटात अन्न नव्हते. मग त्या बाईने काय करावे? ती म्हणाली, मी तुझे ऐकले, आता तू माझे ऐक, दोन घास खा. तो नको नको म्हणत होता. तिने घरातले पोसलेले वासरू कापले, पीठ मळले, बेखमीर भाकरी भाजल्या आणि त्याला वाढले. तो उठून पलंगावर बसला आणि जेवला.

या राजाचे शेवटचे जेवण त्यानेच बंदी घातलेल्या बाईने रांधले. तिने त्याला उपदेश केला नाही, जुने काही काढले नाही. शमुवेलाची भविष्यवाणी खरी होती. पण त्या रात्री शाऊलला कोणी माणसासारखे वागवले असेल तर ते तिने. आमच्या आजीने तेवढी ही बाई मला लहानपणीच दाखवून ठेवायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी गिलबोवाच्या डोंगरावर तीन मुलगे पडले, आणि बाणांनी घायाळ झालेला शाऊल स्वतःच्या तलवारीवर पडला. पलिष्ट्यांनी त्याचे धड बेथशानच्या तटाला टांगले. ते बेथशान आजही पाहता येते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोकांनी १९२१ पासून बारा वर्षे तेथली टेकडी खणून एकावर एक वसलेली नगरे उघडी केली. शाऊलचे राहते ठिकाण गिबा. जेरुसलेमच्या उत्तरेची तेल एल-फुल ही टेकडी म्हणजेच ते, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. १९६० नंतरच्या दशकात जॉर्डनचे राजे हुसेन यांनी त्याच टेकडीवर उन्हाळी राजवाडा बांधायला घेतला. १९६७ चे युद्ध आले, काम थांबले आणि खांबांचा सांगाडा मागे राहिला. त्या टेकडीला राजे लाभत नाहीत, असेच म्हणायचे.

पण शाऊलची गोष्ट तटावर संपत नाही. बातमी याबेश-गिलादला पोहोचली. तेच गाव, ज्याचे उजवे डोळे त्या बैलांमागून आलेल्या तरुणाने वाचवले होते. मधे कित्येक वर्षे गेली होती. राजा वेडा झाला, खुनी झाला, हरला. हे त्यांच्याही कानांवर आले असेलच. तेथले धाडसी लोक उठले, रात्रभर चालले, शत्रूच्या तटावरून शाऊलचे आणि त्याच्या मुलांचे देह उतरवले, गावी आणून दहन केले, अस्थी एका झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपास केला. त्यांच्या लेखी तो शेवटपर्यंत त्या पहाटेचाच शाऊल होता. दावीदनेही त्याच्यासाठी जो विलाप केला, त्यात एकही जुने उणे काढलेले नाही.

हे सारे वाचले त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. मी २००६ साली निवृत्त झालो. तो शिक्षकही निवृत्त झाला. हेडमास्तर मात्र कधी झाला नाही. दरवर्षी पाडव्याला तो सकाळी येतो, वाकून नमस्कार करतो, चहा घेतो आणि कोणती मुले आता कोठे आहेत ते सांगतो. ती मजुराची मुलगी आज कॉलेजात गणित शिकवते, हे त्यानेच सांगितले. माझ्यामुळे त्याची शाळा गेली हे त्याला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारले नाही. दरवर्षी तो जिना उतरून जाईपर्यंत मी ठरवीत असतो, आणि मग तो फाटकाबाहेर पडतो.

परवा फराळाचे डबे भरताना बायको म्हणाली, "अहो, त्यांच्यासाठी अनारसे वेगळे काढून ठेवते. त्यांना आवडतात."

अहवालाची कार्बन-प्रत निवृत्तीच्या दिवशी मी घरी आणली होती. इतकी वर्षे ती कपाटात होती. काल ती काढली आणि हॉलमधल्या टेबलावर, ज्या बाजूला तो बसतो त्या बाजूला, चष्म्याच्या घराखाली ठेवली. कागद पिवळा झाला आहे. निळी अक्षरे फिकटली आहेत, पण 'मात्र' वाचता येतो. पाडवा परवा आहे.